जुन्या डब्यांतली पंगत

माझे आई-बाबा दोघंही रेल्वेत होते, पण एका गाडीत कधीच नाही. आई लांब पल्ल्याच्या गाडीत झोपायच्या डब्याची अटेंडंट. चादरी घालायच्या, उशा द्यायच्या, पहाटे उतरणाऱ्यांना वेळेवर हलवून जागं करायचं. बाबा उलट दिशेनं येणाऱ्या गाडीत आचारी. वाटेत एका जंक्शनवर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी थांबायच्या. तेवढ्यात बाबा खिडकीतून आईच्या हातात गरम डबा ठेवायचे आणि आई त्यांच्या हातात इस्त्री केलेला सदरा. शिट्टी झाली की संसार दोन दिशांना निघून जायचा. सुट्ट्याही बहुधा वेगवेगळ्या पडायच्या. मला वाढवलं ते आत्यानं, बाबांच्या थोरल्या बहिणीनं.

मग नव्या गाड्या आल्या. चकचकीत, थंडगार, खिडक्या कायमच्या बंद. जेवण बाहेरून पाकिटात यायचं, नुसतं गरम करून वाढायचं. जुने डबे एकेक करून मोडीत निघाले. शेवटी जे थोडे उरले, ते सगळ्या मार्गांवरून गोळा करून त्यांची एकच गाडी जोडली आणि तिची एक निरोपाची फेरी ठरली. तिच्यात आईचा डबा होता आणि बाबांचं स्वयंपाकघरही. फेरी संपली की दोघंही निवृत्त होणार होते.

"एका गाडीत! दोघं!" आत्यानं कपाळाला हात लावला. "आजवर यांचं जमलं ते लांब होते म्हणून. आता रोज समोरासमोर बसतील, तेव्हा कळेल."

मलाही तीच धास्ती होती. म्हणून आम्ही दोघींनी त्या गाडीची तिकिटं काढली.

आत्याचं भाकीत खरं व्हायला फार वेळ लागला नाही. सकाळी गाडी सुटली आणि बाबा ऐटीत आईचा डबा बघायला आले. आले ते थेट नुकत्याच घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसले. हातात चहाचा कप.

"अहो, उठा! माझ्या डब्यात चहा चालत नाही."

"अगं, नवरा आहे मी तुझा."

"असाल. पॅसेंजर तर नाही ना?"

बाबा उठले, पण चादरीवर तपकिरी गोल उमटलाच. थोड्या वेळानं आई स्वयंपाकाच्या डब्यात गेली आणि पाच मिनिटांत परत आली, नाक वर करून. "कांद्याची सालं पायाखाली! आणि यांच्या हातचं मी इतकी वर्षं खाल्लं!" त्यानंतर दोघांनी अबोला धरला. एकाच गाडीत, मध्ये चार डबे, आणि निरोप्या मी. "तुझ्या आईला सांग", "तुझ्या बाबांना विचार", असं करत माझे हेलपाटे चालू झाले. आत्या खिडकीशी बसून समाधानानं मान हलवत होती.

दुपारी पहिलं मोठं स्टेशन आलं आणि सगळ्यांची भंबेरी उडाली. प्लॅटफॉर्मवर ही गर्दी! कुणी फुलं घेऊन आलं होतं, कुणी आजोबांना खुर्चीत बसवून. एका जोडप्याला आपण जिथे पहिल्यांदा भेटलो ती सीट शोधायची होती. सगळे पुढच्या स्टेशनपर्यंत जायला चढले आणि सगळ्यांना एकच हवं होतं, जुन्या गाडीतलं ताजं जेवण. बाबांचे मदतनीस आधीच नव्या गाड्यांवर गेलेले. मी जाऊन पाहिलं तर बाबा एकटेच, एका हातानं सूप ढवळत, दुसऱ्या हातानं ऑम्लेट उलटत, आणि दारापाशी रांग.

मी धावत आईकडे गेले. "आई, बाबांना काही सुधरत नाहीये."

आईनं हातातली उशी खाली ठेवली. मग तिनं कपाटातून धुतलेल्या चादरींचा गठ्ठा काढला. "बर्थ दुमडायला लाग. आत्याला म्हणावं, उठा आता, पुरे झालं बघणं."

बघता बघता झोपायच्या डब्याचं जेवणघर झालं. बर्थ दुमडून बाकं केली, मधल्या फळ्यांची टेबलं करून त्यांवर चादरी अंथरल्या. जिथे चहाला बंदी होती तिथे लोक सूप भुरकायला लागले. आई चालत्या गाडीत दोन्ही हातांत ताटल्या घेऊन अशी जात होती, की थेंब सांडायची बिशाद नाही. चार डब्यांपलीकडे ऐकू जाईल असं ओरडायचीही.

"अहो, तीन ऑम्लेट! एक बिनमिरचीचं!"

"आलं गं! ब्रेड संपत आलाय!"

"मग बटाटे तळा!"

"तळतोच आहे! तू काय मला शिकवतेस?"

"हो, शिकवते!"

डबाभर हशा पिकला. आत्या पदर खोचून ताटल्या विसळत होती. एक आजोबा तिला म्हणाले, "तुमची वहिनी जबरदस्त आहे हो." आत्या म्हणाली, "भाऊही काही कमी नाही," आणि मग स्वतःच चमकली.

संध्याकाळी, शेवटचा माणूस जेवून उतरला तेव्हा, मी रिकाम्या ताटल्या घेऊन स्वयंपाकाच्या डब्यात गेले. दोघं पालथ्या घातलेल्या पातेल्यांवर बसून एकाच वाटीतलं उरलेलं सूप पीत होते. बाबांच्या भुवईला पीठ लागलं होतं आणि आई ते पुसायचं सोडून हसत होती.

"मीठ कमी होतं," ती म्हणाली.

"तीस वर्षांत बोलली नाहीस."

"बोलणार कधी? तुमची गाडी सुटायची ना."

शेवटच्या स्टेशनवर इंजिन सुटून पुढे गेलं. बँड वाजला, हार पडले, साहेबांचं भाषण झालं. आम्ही चौघं बाहेर रस्त्यावर आलो. आत्यानं विचारलं, "घरी जाऊन काय करायचं जेवायला?"

"मी आज पळीला हात लावणार नाही," बाबा म्हणाले.

"आणि मी कुणाला वाढणार नाही," आई म्हणाली.

समोरच एक लहानसं हॉटेल होतं. आम्ही खिडकीजवळचं टेबल धरलं. वेटरनं एका दमात सगळे पदार्थ म्हणून दाखवले. बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं बाबांकडे.

"सगळं आणा," आई म्हणाली. "आणि सावकाश आणा. आम्हाला कुठेही जायचं नाहीये."