कावळा शिवल्यावर परतलेला वामन

“यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही,” मी खुर्ची पुढे ओढत म्हणालो. “माझी ‘लोखंडी मुशी’ वाशीच्या वाचनालयात आली ना, तेव्हा मुखपृष्ठावरचा मासा बघून सेक्टरातली मांजरं दाराशी धरणं धरून बसली. पुस्तक न्यायला आलेल्या माणसाला आधी मांजरांपुढे बिस्कीट टाकावं लागायचं. मगच आत शिरता यायचं.”

नेरूळच्या सोसायटीची कचेरी, रविवारची सकाळ. सोसायटी उभी होती ती नव्या शहरासाठी गेलेल्या आमच्या शेतावर, त्यामुळे तिथला चहा मी हक्कानं प्यायचो आणि बदल्यात थापा द्यायचो. सगळे हसले. दारात माझी धाकटी बहीण काशी सेक्रेटरीच्या घरची कोळंबी सोलत बसली होती. ती हसली नाही. माझी मांजरं तिनं फार वेळा ऐकली होती.

सेक्रेटरी नंदकिशोर तांबे चिपळूणकडचा, सरकारी कारकून. माझी पुस्तकं त्याला पाठ.

“मांजरं राहू द्या काका,” तो म्हणाला. “दुसऱ्या भागाचं सांगा. ‘मुशीचा सूड’. एवढा टुकार कसा झाला?”

मी बशीत आणखी चहा ओतला.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या भागात वामन नावाचा करावे गावचा आगरी पोरगा शिकून शास्त्रज्ञ होतो. खाडीच्या गाळाखाली त्याला परग्रहावरून आलेलं, मुशीच्या म्हणजे शार्क माशाच्या आकाराचं यंत्र सापडतं. ते भरतीचं पाणी शोषून नव्या शहरावर सोडणार असतं. वामन आत शिरतो, झडप आतून बंद करतो आणि तिथंच बुडतो. शहर वाचतं. दुसऱ्या भागात पहिल्याच पानावर वामन हसत वर येतो. म्हणे यंत्राच्या पोटात हवेचा बुडबुडा होता.

“वर्षभर बुडबुड्यात?” नंदकिशोर म्हणाला. “खात काय होता?”

“कोळंबी.”

“कच्ची?”

“यंत्र तापलेलं होतं रे.”

पुन्हा हशा. नंदकिशोर मात्र गंभीरच.

“हसण्यावारी नेऊ नका काका. पहिला भाग वाचून मी रडलो होतो. दुसरा वाचल्यावर त्या रडण्याची लाज वाटली.”

एवढं बोलून त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी भिंतीवरच्या पाणीपट्टीच्या नोटिशीकडे बघायला लागलो. या माणसाला काहीतरी खरं देणं भाग होतं. म्हणून मी बयाबाईचं सांगितलं. काशीचे हात जरा थांबले.

बयाबाई आमच्या आळीतली. तिचा नवरा देवजी होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडी सापडली, देवजी नाही. लोक म्हणाले, कार्य उरकून घे. ती म्हणायची, “डोल्यान बघितल्याबिगर कसा?” आणि भरतीला जेटीवर जाऊन बसायची. अशी कितीतरी वर्षं.

‘लोखंडी मुशी’ मी ओट्यावर बसून वाचून दाखवली होती. सगळी आळी ऐकायला. वामन बुडाला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून बसल्या. बयाबाईनं विचारलं, “त्याचा दहावा कोनी केला?”

मी म्हणालो, “बयाबाई, पुस्तकातला माणूस तो.”

“मग? पुस्तकातल्याला कोन नाय म्हनून तसाच ठेवाचा?”

तिनं ठरवलं, वामनाचा दहावा आपण करायचा. त्याच्या जोडीला देवजीचाही. दोघंही खाडीतच गेलेले, दोघांचाही देह नाही. इतकी वर्षं गावानं सांगून जे झालं नाही ते माझ्या एका पुस्तकानं झालं. माझी छाती कशी फुगली असेल बघा.

खाडीकाठी दोन पिंड ठेवले. देवजीच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. बयाबाई तिथंच खाली बसली आणि मोकळी रडली. वामनाच्या पिंडाकडे मात्र एकही येईना. गावची माणसं काय काय बोलून बघू लागली, जसं आपल्यात बोलतात: तुझी इच्छा पुरी करू, तुझ्या माणसांना सांभाळू. कावळा नाहीच. मग बयाबाई माझ्याकडे वळली.

“तुझा हाय तो. तूच बोल.”

मी हात जोडले. म्हणालो, “वामन, तुला मी आता कामाला लावणार नाय. निजून ऱ्हा.”

आणि कावळा शिवला. हे मात्र मांजरांसारखं नाही, हे खरं आहे. त्या दिवसापासून बयाबाई जेटीवर जायची थांबली.

“आणि तुम्ही दुसरा भाग लिहिलात,” नंदकिशोर हळूच म्हणाला.

मी कप बाजूला सारला.

“तो पण मीच वाचून दाखवला,” मी म्हणालो. “त्याच ओट्यावर. वामन बुडबुड्यातून बाहेर आला आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. बयाबाईनं एवढंच विचारलं, ‘पिंड दिल्याव पन येतान?’ आणि दुसऱ्या दिवशी भरतीला ती जेटीवर.”

नंदकिशोरनं चष्मा काढला. आता सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि त्या नजरा मला सोसवेनात. जिभेला सवयीची वाट सापडली.

“पण ऐका तर खरं! मी तसं लिहिलंच नव्हतं. माझ्या हस्तलिखितात वामन मेलेलाच होता, सगळी कथा त्याच्या बहिणीवर. प्रकाशक श्यामसुंदरशेठनं छापखान्यात परस्पर जिवंत केला त्याला. मी गेलो मुंबईला आणि शेठच्या टेबलावर ओली मुशी आपटली. शेठ पळाला तो थेट जिन्याखाली!”

एकजण खुदकन हसला. मला धीर आला.

“परत आलो तो तसाच बयाबाईच्या दारात. पाय धरले. म्हणालो, बयाबाई, शेठनं खोटं छापलं. वामन मेला, देवजीही गेला, कावळा शिवला तेच खरं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, तुझ्यावर माझा राग नाय. घरात नेऊन मला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. आणि त्या दिवसापासून पुन्हा तिनं जेटीचं नाव—”

“दादा, कवरा झूट बोलशील?”

काशी उठून उभी राहिली होती. हाताला कोळंबीची सालं तशीच.

“शेटनी काय पन बदललेला नाय. वामनाला जित्ता तूच केलास, ओट्यावर बसून, आन मला वाचून दावून हसलास. बयाबाईच्या दारात तू गेलासच नाय. तिचा दार वाटेत लागू नये म्हनून बाजाराला पन लांबून जातस. आता भरती हाय. जाऊन बघ, ती जेटीवर बसलेली हाय.”