जड चरबीचा माग

"मावशी, दिवसभर तेलच मोजतेस, मग तेलाचा घाणाच का नाही काढलास?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून भाचीने मावशीच्या प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत विचारलं. रसायनशास्त्रात तिला शंभरपैकी छत्तीस मार्क होते. उद्या शाळेच्या अर्जावर पुढची शाखा म्हणून वाणिज्य लिहायचं घरात ठरलंच होतं, त्यामुळे घाबरायचं कशाला?

मावशी हसली. "हे उंदरांना खाऊ घालायचं तेल वेगळं गं. यात साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन आहे. उंदराच्या शरीराला फरक कळत नाही, यंत्राला वजनावरून कळतो. म्हणून खाल्लेल्या तेलाची चरबी शरीरात कुठे गेली, ते सापडतं."

तेवढ्यात पडद्यावर आकडे उमटले आणि मावशीचा चेहरा उतरला. साधंच अन्न खाल्लेल्या उंदराच्या नमुन्यातही जड चरबी दिसत होती.

"थेंब घेताना नळीचं टोक बदलायला मीच विसरले, आधीच्या नमुन्यातली जड चरबी यात मिसळली," ती म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं. तिने वहीत चूक लिहिली, तीन आठवड्यांचं काम बाद केलं आणि बाह्या सावरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

भाची बघतच राहिली. चुकणाऱ्यांचं इथे काम नाही, असं तिला आजवर वाटायचं.

घरी बूटही न काढता तिने सांगून टाकलं, "आईबाबा, मी अर्जावर विज्ञान लिहितेय. छत्तीस मार्कांचं सांगू नका, ते मला पाठ आहेत."