एकतीस शालींचा सूड

'अंधाराचा सातबारा' हा अल्बम एकेचाळिसाव्यांदा ऐकून झाला आणि सन्मतीने भरदुपारी खतांच्या दुकानाचं शटर खाली ओढलं.

"ब्राह्मे, हिकडं ये. आठच्या आठ गाण्यांत मला शिव्या हायत."

ब्राह्मी त्याची चुलत बहीण. ती बियाण्यांची पाकिटं रचत होती. "कोण देतंय?"

"शंभूराज."

साताऱ्याच्या 'फुटका सायलेन्सर' या रॉक बँडचा शंभूराज हा गायक. इंजिनिअरिंगची चार वर्षं तो सन्मतीचा रूममेट होता. सन्मती बँडचा पहिला चाहता, आणि बराच काळ एकमेव. बँडने पन्नास टी-शर्ट छापले, त्यातले शेहेचाळीस सन्मतीने सांगलीत खपवायला म्हणून आणले. गेली दोन वर्षं त्याच्या घरची फरशी बँडच्या लोगोने पुसली जात होती.

सन्मतीने वही उघडली. "ऐक. पहिल्या गाण्यात 'दिस बुडाला, तू उठलास'. दुसऱ्यात सूर्य डोंगरामागं जातो अन् एक जण चपला शोधतो. पाचव्यात सांज होती अन् दार वाजतं. एक सातवं सोडलं तर प्रत्येक गाण्यात कडव्याच्या शेवटाला सूर्य मावळतो अन् कोणतरी उठून जातं!"

"पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलंय, बुडता सूर्य म्हणजे ग्रामीण तरुणाची विझलेली स्वप्नं."

"स्वप्नं न्हाईत गं. माझं जेवण हाय ते!"

त्या जेवणाला ब्राह्मी स्वतः हजर होती. दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात बँडचा पहिला कार्यक्रम होता. प्रेक्षक कमी पडू नयेत म्हणून सन्मतीने घरचे अकरा जण जीपमध्ये भरून नेले. चारचा कार्यक्रम सहाला सुरू झाला. सन्मतीचं घर जैन, सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. त्यामुळे पहिल्याच गाण्यात काकूने घड्याळ पाहिलं, पदर खोचला आणि सन्मतीसकट सगळी रांग उठून जीपमधल्या डब्यांकडे गेली. हॉलमध्ये उरले सात. त्यातले दोघे वायरमन. मंडळी हात धुऊन परत येईपर्यंत कार्यक्रम संपला होता. त्या दिवसापासून शंभूराजने फोन उचलला नव्हता.

"सातवं गाणं तर कहर हाय," सन्मती म्हणाला. "शब्दच न्हाईत. नुसतं खण, खण, खण. समीक्षक म्हणतोय, कारखान्याचा आक्रोश. मी मोजलं. पाच वेळा वाजतंय. काकूचा पाच पुडांचा डबा हाय तो!"

"मग आता भांडणार व्हय?"

"मी अर्ध्यातनं पळून जाणारा माणूस न्हाई, हे त्याला चारचौघांत दाखवणार. अन् त्याआधी त्याचा सत्कार करणार."

आमच्याकडे माणसाला शिवी दिली तर तो उलट देतो, मारलं तर पोलिसांत जातो. शाल घातली तर मात्र त्याला मान खाली घालून उभंच राहावं लागतं.

सन्मतीने सातारा आणि सांगलीच्या अधेमधे इस्लामपुरात हॉल घेतला. फेब्रुवारीतला रविवार, वेळ तीन ते सात. सातनंतर तिथे एक हळदीचा कार्यक्रम होता, म्हणजे एक मिनिटही वाढून मिळणार नव्हतं. सूत्रसंचालनाला लालासाहेबांना बोलावलं. लालासाहेब फौजेतून निवृत्त झाले होते आणि माईक हातात आला की सीमेवर असल्यासारखे तो सोडत नसत.

तीनला बँड स्टेजवर आला. शंभूराजने गिटार गळ्यात अडकवली.

"गिटार काढा," लालासाहेब म्हणाले. "शाल बसत न्हाई."

मग सुरू झालं. सरपंच. माजी सरपंच. भावी सरपंच. पतसंस्थेचे चेअरमन. कुस्तीचे वस्ताद. प्रत्येकाने शाल, नारळ आणि 'दोनच शब्द' दिले. रॉक म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नसल्याने सगळे ऊसदरावर बोलले. एकविसाव्या शालीला ड्रमर दिसेनासा झाला. पंचविसाव्याला शंभूराजच्या कपाळावरून घामाची धार लागली. सन्मती विंगेत उभा राहून यादीवर एकेक फुली मारत होता आणि जन्मात पहिल्यांदा त्याला एखादा कार्यक्रम इतका आवडला होता.

एकतिसावी शाल सहाला पडली. नाइलाजाने लालासाहेबांनी माईक दिला. शंभूराजने शालींच्या ढिगातून मान बाहेर काढली, खिडकीतून कलत्या सूर्याकडे पाहिलं, दारात डबा घेऊन उभ्या ब्राह्मीकडे पाहिलं, आणि हसला.

"गाण्याआधी आभार," तो म्हणाला. "आयोजक आणि माझे जिवलग मित्र सन्मती यांनी माझ्याशेजारी यावं. शेवटच्या माणसाचे आभार मानेपर्यंत त्यांनी इथंच थांबावं. त्यांना थांबायची सवय नाही, पण बघू."

सहाशे माणसं टाळ्या वाजवायला लागली. सन्मती स्टेजवर आला. शंभूराजने एकतीस जणांचे आभार मानायला घेतले. प्रत्येकाचं नाव, गाव, नारळाची प्रत.

"दादा, आवर," ब्राह्मी दारातून खुणावत होती. खिडकीतलं ऊन तांबडं झालं. सन्मतीच्या पोटात कारखान्याचा आक्रोश सुरू झाला. आता उतरला असता तर जेवण मिळालं असतं, आणि आठही गाणी सहाशे साक्षीदारांसमोर खरी ठरली असती.

"सव्विसावे," शंभूराज प्रेमाने म्हणाला, "आणखी एक भावी सरपंच."

सन्मतीने हाताची घडी घातली. सूर्य बुडाला. ब्राह्मीने डब्याचं झाकण लावलं.

"जा की रं," शंभूराज माईक झाकून कुजबुजला.

"गा की," सन्मती म्हणाला, खाली उतरला आणि पहिल्या रांगेत अगदी समोर बसला.

सातला दहा कमी होते. शंभूराजने पहिलं गाणं धरलं. "दिस बुडाला, तू..." समोर सन्मती बसलेला. "तू..." गिटारवाल्याने तोच तुकडा आठ वेळा वाजवला. लोकांना वाटलं, रॉक असंच असतं.

"...तू बसलास!" शंभूराज शेवटी ओरडला. चालीत बसत नव्हतं. हॉल दणाणला. समीक्षकाची स्वप्नं तिथेच परत पेटली असतील तर माहीत नाही.

हळदीवाल्यांनी दोघांना मागच्या खोलीत ढकललं. तिथे पाहुण्यांसाठी भडंग ठेवलं होतं. शंभूराजने बशी घेऊन सन्मतीच्या पुढ्यातच बसकण मारली आणि शेंगदाणे एकेक करून, आवाज होईल असे चावायला लागला.

"माझा अल्बम खोटा पाडलास."

"एकवार न्हाई, आठवार."

"भूक लागली?"

"लय."

"सूर्य कवा उगवतोय?"

"सहा पंचावन्नला."

"मग तवर खातो मी," म्हणत शंभूराजने अख्खं पातेलंच पुढ्यात ओढलं.

सन्मतीने खुर्ची आणखी जवळ सरकवली. "खा. मी हितंच हाय."