कडेला सरकणारा मीटर

माझा काटा शून्यावर नेमका कधीच थांबत नाही. रेघेच्या किंचित डावीकडे, केसाच्या जाडीइतका अलीकडे तो उभा राहतो. काट्याखाली आरशाची एक बारीक पट्टी आहे. एक डोळा मिटून वरून पाहायचं. काटा आपल्याच प्रतिबिंबावर बसलेला दिसला, की तुम्ही सरळ पाहताय असं समजायचं. तसं पाहिलं तरी तो डावीकडेच असतो. जवळपास एखादं यंत्र फिरत असेल तर तिथेही त्याला चैन पडत नाही. तो थरथरत राहतो.

मित्रांनो, मी एक जुना मल्टिमीटर आहे. विजेचा दाब किती, प्रवाह किती, तारेत अडथळा किती, हे मी मोजतो. काळी पेटी, वर काच, मधोमध फिरवायचं बटण आणि दोन लांब वायरी. एक लाल, एक काळी. त्यांच्या टोकांना सुया. एवढाच माझा संसार.

माझ्या काट्याला केसासारखी बारीक स्प्रिंग आहे. कारखान्यात ती चिमट्याने बसवणारी बाई काम करताना श्वास रोखून धरायची. शेजारणीने विनोद केला तर आधी स्प्रिंग बसवायची, मग श्वास घ्यायची आणि मग हसायची. तोवर शेजारीण आपला विनोद विसरलेली असायची.

पुढे मी एका विज्ञान महाविद्यालयाच्या दुरुस्ती-खोलीत आलो. तिथे एक तरुण बाई उपकरणं दुरुस्त करत. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. अडथळा मोजण्याआधी माझ्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवाव्या लागतात. मग काटा पट्टीच्या दुसऱ्या टोकाला झेप घेतो आणि तिथलं शून्य हाताने जुळवावं लागतं. घाईतली माणसं हे विसरतात. बाई कधी विसरल्या नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या हातीही दिलं नाही. कुणी मला मागितलंच तर म्हणत, “काय मोजायचंय ते सांगा, मी मोजून देते.”

मग आकडे दाखवणारे नवे मीटर आले. मी खणात गेलो. माझ्या पोटातला सेल तिथेच पाझरला आणि पितळी पट्टीवर हिरवट थर चढला. खण उघडायचा तो फक्त पेनाचं टोपण शोधायला. मी बोललो असतो तर ‘सेल काढा’ एवढंच बोललो असतो.

बाई निवृत्त झाल्या आणि घरी त्यांचा पाय ठरेना. खिडकी उघडायच्या, पुन्हा लावायच्या. अशात एका संस्थेला परदेशातल्या इस्पितळासाठी स्वयंसेवक हवे असल्याचं त्यांना कळलं. पगार नाही, राहायला खोली मिळेल, आणि तिथल्या कारागिरांना उपकरणांची दुरुस्ती शिकवायची. मुदत एक वर्ष. यजमान म्हणाले, “घरचा मिक्सर बंद पडलाय आणि तू निघालीस जगाच्या दुरुस्तीला.” बाईंनी निघण्याआधी मिक्सर दुरुस्त केला. मलाही खणातून काढलं, लिंबाच्या रसाने माझी पट्टी घासली, नवा सेल घातला आणि कपड्यांच्या घडीत मधोमध ठेवलं. सेल संपला तरी विजेचा दाब मला मोजता येतो. परक्या ठिकाणी असा सोबती बरा, असं त्यांना वाटलं असावं.

त्या इस्पितळाचं वर्कशॉप धुलाईघराच्या भिंतीला लागून होतं आणि बाईंची खोली धुलाईघराच्या वर. मोठी यंत्रं कपडे पिळू लागली की खाली वर्कशॉपचं टेबल आणि वर बाईंची खाट, दोन्ही हलायचं. मी टेबलावर असलो की हळूहळू कडेकडे सरकायचो. बाई मला उचलून मध्ये ठेवायच्या. मी पुन्हा निघायचो. एवढी वर्षं एका खणात बसलेला मी, तिथे एक दिवस जागेवर राहिलो नाही.

तिथली भाषा बाई जेमतेम शिकून गेल्या होत्या. मीटरला सगळ्या भाषा सारख्याच, म्हणून तिथलं बोलणं मी तुम्हाला मराठीतच सांगतो.

वर्कशॉपचे मुख्य एक उंच, मानेत जरासे वाकलेले मिस्त्री होते. वायरीत वीज आहे का, हे ते दोन तारा जोडलेला एक बल्ब लावून पाहत. बल्ब पेटला म्हणजे आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी कौतुकाने मला उचललं. माझं बटण अडथळ्यावर होतं आणि त्यांनी सुया नेल्या थेट भिंतीतल्या सॉकेटकडे. तशात भिंतीतली वीज आत शिरली तर माझ्या आत काहीतरी जळतं. बाईंनी झडप घालून मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. वर्कशॉपमधली सगळी माणसं पाहत होती.  का ओढलं ते सांगायला बाईंना तिथले शब्दच येत नव्हते. मिस्त्रींनी हात पुसले आणि आपला बल्ब घेऊन ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

त्यानंतर बाईंना पाहुण्यासारखं वागवलं जाऊ लागलं. सगळ्यात चांगली खुर्ची, गरम चहा, आणि काम काही नाही. पगाराविना आलेल्या माणसाला कुठे बसवायचं, हे कुणालाच कळत नव्हतं. बाई खुर्चीतून उठायच्या, खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या. संध्याकाळी यजमानांचा फोन यायचा.

“आज काय दुरुस्त केलंस?”

“चहा प्यायले.”

“तो इथेही मिळतो.”

एका सुट्टीच्या दिवशी बाईंना राहवलं नाही. नवजात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी कोपऱ्यात बंद पडून होती. बाईंनी एकटीने ती उघडली. माझ्या मदतीने तुटलेली तार शोधली, जोडली. दुसऱ्या दिवशी त्या पेटीत एक मुठीएवढं बाळ झोपलं होतं. मोठी सिस्टर बाईंचे दोन्ही हात धरून उभी राहिली. मोठे डॉक्टर खास भेटायला आले. मलाही सगळ्यांनी पाहून घेतलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला बरं वाटलं.

तिथूनच सगळं बिघडत गेलं. जे बंद पडेल ते बाईंच्या टेबलावर येऊ लागलं. रक्तदाब मोजायचं यंत्र, टेबलपंखा, सिस्टरच्या घरची इस्त्रीसुद्धा. बाईंच्या हाताला उसंत नव्हती आणि पलीकडे मिस्त्री शांतपणे खुर्च्यांचे पाय ठोकत होते. बाई शिकवायला आल्या होत्या, हे बाईही विसरल्या. वर्ष सरत आलं तसे मोठे डॉक्टर म्हणू लागले, आणखी एक वर्ष राहा, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही. बाई म्हणायच्या, उद्या सांगते. यजमान विचारायचे, तिकीट कधीचं काढू? त्यांनाही तेच उत्तर.

“तुझा हा उद्या कॅलेंडरात कुठे दिसत नाही,” यजमान म्हणाले. ते हसले, पण नेहमीपेक्षा जरा लवकर थांबले.

फोन ठेवल्यावर बाई बॅग खाली काढायच्या, पुन्हा वर ठेवायच्या. माझी तऱ्हा वेगळी नव्हती. त्या राहिल्या तर मी राहणार, त्या गेल्या तर मी जाणार. मला कोण विचारतंय? पण पाझरलेला सेल पोटात घेऊन पुन्हा खणात पडायचं, या विचाराने माझा काटा यंत्र बंद असतानाही थरथरायचा.

मग निवास परवान्याच्या शिक्क्यासाठी बाईंना दूरच्या शहरात जावं लागलं. मी त्यांच्या पिशवीत होतो. परतल्यावर मोठी सिस्टर दारातच भेटली. घशातला कफ ओढून काढायचं यंत्र मधल्या दिवसांत बंद पडलं होतं. एका म्हाताऱ्या आजींना खडबडीत रस्त्याने पुढच्या गावच्या इस्पितळात न्यावं लागलं. वाटेत त्यांचा श्वास दोनदा अडकला. वाचल्या, पण थोडक्यात. यंत्र बाईंच्या टेबलावर तसंच पडून होतं.

बाईंनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि ते उघडलं. आत फक्त एक तार सुटलेली होती. त्या मिस्त्रींकडे गेल्या.

“हे यंत्र तुम्ही आधी दुरुस्त करायचात ना?”

“करायचो. तुम्ही यायच्या आधी.”

“मग आता का नाही केलंत?”

“तुमच्या टेबलावर होतं. तुमच्या टेबलावरच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत.”

“मी असं कधी म्हणाले?”

“तोंडाने नाही म्हणालात,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

बाई आपल्या टेबलाकडे परतल्या. पलीकडे कपडे पिळणारं यंत्र सुरू झालं आणि मी टेबलावरून सरकू लागलो. या वेळी बाईंनी मला मध्ये ठेवलं नाही. त्यांनी मला उचललं आणि मिस्त्रींच्या टेबलावर नेऊन ठेवलं. दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या, शून्य जुळवलं, आरशात कसं पाहायचं ते दाखवलं. मग सुया त्यांच्या हातात दिल्या.

पुढचे दिवस बाईंना फार जड गेले. मिस्त्री काम करत आणि बाई शेजारी स्टुलावर बसत, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात मोकळे राहिले की ते माझ्याकडे येत. अगदीच असह्य झालं की त्या उठून व्हरांड्यात फेऱ्या मारत. मिस्त्री मान वर न करता म्हणत, “जा, जा. मीटर पळून जाणार नाही.”

एक दिवस व्हायचं ते झालं. माझं बटण अडथळ्यावर राहिलं आणि मिस्त्रींनी सुया सॉकेटला लावल्या. आत काहीतरी टचकन वाजलं आणि मी गप्प झालो. मिस्त्रींचा चेहरा उतरला. बाई उठल्या, पुन्हा बसल्या. हात पुन्हा मांड्यांखाली गेले.

“फ्यूज गेला,” त्या म्हणाल्या. “तो जाण्यासाठीच असतो. नवा घाला.”

मिस्त्रींनी माझं झाकण उघडलं, जळलेला फ्यूज काढला, नवा बसवला. किती सोपं होतं. पहिल्या दिवशी बाईंनी मला ओढून घेतलं होतं ते एवढ्याशा फ्यूजसाठी. मला वाटतं, हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं, कारण त्या एकदम हसायला लागल्या. काय झालं ते न कळताच मिस्त्रीही हसले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू कुणाचा हात लागू नये म्हणून कपाटात जपून ठेवलेली असेल. ती बाहेर काढा. तिच्यात सेल असेल आणि बरेच दिवस वापरायची नसेल, तर सेल काढून ठेवा. आणि ती दुसऱ्यालाही हाताळू द्या. चुकेल तो. माझं सगळं आयुष्य चुकण्याच्या भीतीने जपलं गेलं आणि मी सर्वांत जास्त झिजलो तो बंद खणात.

काल मोठे डॉक्टर वर्कशॉपमध्ये आले. कफ ओढायचं यंत्र पुन्हा अडलं होतं आणि मिस्त्रींनी ते सकाळीच चालू करून वॉर्डात पाठवलं होतं. बाईंना ते जेवताना कळलं. डॉक्टरांनी मिस्त्रींची पाठ थोपटली आणि मग बाईंना नेहमीचं विचारलं, मग काय, राहताय ना?

काम संपलं की मिस्त्री मला रोज बाईंना परत देत. कालही त्यांनी वायरी गुंडाळून मला पुढे केलं. आदल्या दिवशी त्यांनी आपल्या टेबलाच्या कडेला एक लाकडी पट्टी ठोकली होती, मी सरकून खाली पडू नये म्हणून. कुणासाठी ठोकली, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. बाईंनी ती पट्टी पाहिली. बोट तिच्यावरून फिरवलं. मला घ्यायला हात मात्र पुढे केला नाही.

धुलाईघर बंद होतं. माझा काटा शून्याच्या डावीकडे, केसाइतका अलीकडे, अगदी निश्चल उभा होता.

“नाही डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “मी घरी जाते. मीटर इथे राहील.”