येतो म्हणाला

डोळ्यांच्या दवाखान्यातलं बाकडं सकाळपासून अकरा जागांनी लांबलं होतं आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. नियमच तसा होता. पेशंटसोबत घरचं माणूस लागतं. ते अजून पोचलं नसेल तर खिडकीतले कारकून जगताप वहीत ‘येत आहे’ असं लिहीत, आणि पेशंटशेजारी बाकड्याला एक रिकामी जागा फुटे. तिच्यावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही.

रत्नप्रभाबाई शेडगे मोतीबिंदूसाठी आल्या होत्या. अंगणवाडीत सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पोरं सांभाळली होती. डावा डोळा कामातून गेलेला, उजव्यात थेंब घालून झालेले. आज ऑपरेशन झालं नाही तर पुढची तारीख दिवाळीनंतरची, आणि तोवर हा डोळा टिकेल असं डॉक्टर काही म्हणत नव्हते.

“सोबत कोण?” जगतापांनी सकाळी विचारलं होतं.

“मुलगा. येतो म्हणालाय.”

“कधी म्हणाला?”

“जाताना.”

“कुठं असतो?”

“जपानला. तिथल्या म्हाताऱ्यांना सांभाळायची नोकरी आहे. चार वर्षं झाली.”

“बरं,” म्हणत जगतापांनी लिहून घेतलं. बाईंच्या उजव्या हाताला एक जागा आली.

डाव्या हाताला केरबा लोहार होते. त्यांच्यापाशी रिकामी जागा नव्हती, कारण त्यांना जाताना कोणी काही म्हणालंच नव्हतं. तीन महिने ते असेच येऊन बसत आणि संध्याकाळी परत जात. दोघांनी भाकरी वाटून खाल्ली. पण मध्ये नवे पेशंट येऊन बसले, त्यांच्या येणाऱ्यांच्या जागा वाढल्या, आणि दुपारी केरबांना हाक मारायची तर ओरडावं लागू लागलं. मग बाईंनी हाक मारणं सोडून दिलं.

त्यांनी मुलाला फोन लावला.

“आई, एका आजोबांना आंघोळ घालतोय. हात ओले आहेत. ठेवू?”

मागे पाण्याचा आवाज होता. महेंद्र त्या आजोबांशी त्यांच्या भाषेत काहीतरी इतकं हळू बोलला, की बाईंना त्या परक्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याची लाजही वाटली.

साडेतीन वाजता त्या खिडकीशी जायला उठल्या. बाकडं तोवर इतकं लांबलं होतं, की पोचायला वीस मिनिटं लागली.

“चारला यादी बंद,” जगताप म्हणाले. “वहीत ‘येत आहे’ असलं की मला दुसरं माणूस देता येत नाही. तुम्ही एवढंच सांगा, गेला. मी नाव खोडून तसं लिहितो. तसं लिहिलेलं असलं तरच आमच्या आयाबाई सही करतात.”

“गेला?”

“गेला.”

“जपानला गेला, असं लिहा ना.”

“एवढं लिहायला रकान्यात जागा नाही. नुसतं गेला.”

बाईंनी तोंड उघडलं. तो शब्द अगदी ओठांवर आला. आपल्या लेकराबद्दल हे आपण म्हणायचं, तेही तो धडधाकट असताना, दुसऱ्याचे पाय धूत असताना.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “डोळा गेला तर जाऊ दे.”

पिशवी काखेत मारून त्या बाकड्याच्या कडेकडेने निघाल्या. शेवटी, दाराजवळ, केरबा बसले होते.

“येते हं, भाऊ,” सवयीने बाई म्हणाल्या.

“या,” केरबा म्हणाले.

त्या उंबऱ्याशी पोचल्या तेव्हा मागून केरबांचा आवाज आला, दिवसभरात पहिल्यांदाच खणखणीत.

“जगतापसाहेब, लिहून घ्या. सोबत शेडगेबाई. येते म्हणाल्यात.”

बाईंनी वळून पाहिलं. थेंबांनी धुरकटलेल्या नजरेलाही एवढं दिसलं, की केरबांच्या शेजारी एक जागा आली आहे आणि खांद्यावरचा टॉवेल काढून ते ती पुसत आहेत.