सरांची जागा

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात ती आली तेव्हा सगळ्यांत ठेंगणी होती. सरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव बुटकी ठेवलं आणि ते तिला कायमचं चिकटलं. पण तिची नजर तिखट आहे हे ओळखलं तेही सरांनीच. पुढे नुसतं खेळून तिचं पोट भरणार नाही हे दिसलं, तेव्हाही त्यांनी तिला सोडलं नाही. आधी सामन्याचे गुण मांडायला बसवलं, मग मागे लागून प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करायला लावला आणि शेवटी सहायक म्हणून बाकावर स्वतःशेजारी जागा दिली. त्या जागेवर ती वर्षानुवर्षं बसली. सर ओरडायचे, ती समजूत काढायची. मुली म्हणायच्या, सर म्हणजे ताप आणि ताई म्हणजे त्यावरची गोळी.

मग ऐन हंगामात सरांना पक्षाघाताचा झटका आला आणि संघ बुटकीच्या गळ्यात पडला. तिनं जिवाचं रान केलं. कधी नव्हे तो संघ उपांत्य फेरीत गेला. परतीच्या बसमध्ये मुली गाऊन गाऊन घसा बसवून घेत होत्या, आणि खिडकीशी बसलेल्या बुटकीच्या मनात आलं, सर आता परत आलेच नाहीत तर? तिनं स्वतःला चांगलंच झापलं. पण आलेला विचार काही उठून जाईना.

सर परत आले. हातात काठी, डावा पाय ओढत, आणि बोलणं अडखळत. एकेक शब्द शोधून आणायला लागायचा. मुली मान खाली घालून थांबायच्या. बुटकीला ते बघवायचं नाही, म्हणून ती त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. "सरांना म्हणायचंय, पाय हलवा!" सर तिच्याकडे बघायचे आणि गप्प व्हायचे.

नव्या सत्राच्या तोंडावर प्राचार्या मॅडमनी तिला बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुम्ही त्यांना सगळ्यांत जवळून बघता. खरं सांगा, त्यांना झेपेल?"

मी सोबत असेन तर झेपेल, असं ती म्हणू शकली असती. तेही खरंच होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मॅडम, टाइम-आउट मिळतो एक मिनिटाचा. तेवढ्यात सरांचं वाक्य पुरं होत नाही."

मॅडमनी मान हलवली. आठवड्याभरात सरांचा निरोप समारंभ ठरला आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून बुटकीची नेमणूक झाली. समारंभात सरांनी उजव्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तिला दिवसभर जाणवत राहिली.

घरी ती ताटात नुसती बोटं फिरवत बसली, तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "अगं, खोटं तर नाही ना बोललीस?"

"नाही."

"मग झालं तर."

"तेच तर! खोटं बोलले असते तर निदान कबूल तरी करता आलं असतं."

नवऱ्यानं तिच्या पुढचं ताट झाकून ठेवलं.

शेवटी एका रविवारी ती सरांच्या घरी गेली. सरांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. "ये गं, किती दिवसांनी! की पद मिळालं आणि आम्हाला विसरलीस?" काकू थट्टाच करत होत्या, पण बुटकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर खुर्चीत बसून डाव्या हातानं रबरी चेंडू दाबत होते. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण सरांनी हात वर केला.

"मॅडमनी... सांगितलं मला. तुझं... वाक्य. जसंच्या तसं."

सर पुढचा शब्द शोधत होते आणि तो तिला दिसत होता. तिनं जीभ दातांखाली धरली.

"बरोबर... होतं ते," सर म्हणाले. मग कितीतरी वेळानं, "पण आधी... मला सांगायचं होतंस. मी... स्वतःहून... सोडलं असतं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू ऐकत असाव्यात.

"सर, चुकलं माझं. तुम्ही सरावाला या. रोज नको, जमेल तेव्हा. मुलींना तुमची गरज आहे."

"मुलींना... की तुला?"

सरांनी चेंडू दुसऱ्या हातात घेतला. "नाही येणार," ते म्हणाले, आणि हे दोन शब्द एका दमात निघाले. मग काकूंना हाक मारून त्यांनी तिच्यासाठी चहा ठेवायला सांगितला. चहा पिताना तिघंही हवापाण्याचं बोलले.

हंगाम सुरू झाला. बुटकी राबत होती. संघ जिंकत होता. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, तोही तिनं धड पाहिला नाही. बाकावरची स्वतःची जुनी जागा तिनं नव्या सहायक मुलीला दिली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "माझं काही चुकतंय असं वाटलं, तर आधी मला सांगायचं. वर कुणाला नाही." ती पोरगी भोळेपणानं म्हणाली, "ताई, मग आत्ताच सांगते. तुम्ही हल्ली सरांपेक्षा जास्त ओरडता." बुटकीला हसू आलं आणि लगेच विरलंही.

अंतिम सामन्याला सर आले. वरच्या गॅलरीत, कडेच्या खुर्चीवर, शेजारी काकू. बुटकीला ते पहिल्या काही मिनिटांतच दिसले आणि नंतर तिनं मुद्दाम वर पाहिलं नाही. संघ मागे पडला, तिसऱ्या क्वार्टरला तर पार ढेपाळला, आणि शेवटी कसाबसा दोन गुणांनी जिंकला. मुलींनी तिला उचलून घेतलं. त्यांच्या खांद्यांवरून तिनं गॅलरीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

खाली उतरून ती गर्दीतून वाट काढत दाराकडे धावली. दाराशी काकू एकट्याच उभ्या होत्या.

"जिन्यावर धक्काबुक्की होते ना, म्हणून ते आधीच निघाले. गाडीत बसलेत. तुला निरोप दिलाय."

"काय म्हणाले?"

"तिसऱ्या क्वार्टरला बचाव फार ढिला होता, म्हणाले."

"आणखी?"

काकूंनी तिचा घामेजलेला हात हातात घेतला, थोपटला. "आणखी काही नाही गं, बाळा."

काकू गाडीकडे गेल्या. मागे मुली तिच्या नावानं ओरडत होत्या, फोटोसाठी बोलावत होत्या. बुटकी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग आत गेली, फोटोत सगळ्यांबरोबर हसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सुट्टी असूनही, मुलींना मैदानात उभं करून तिनं बचावाचाच सराव घेतला.