परवानगीचं पत्र

टाचणीचा गंज कागदात उतरला होता — दोन भोकं, भोवती तपकिरी डाग; बाकी पत्र करकरीत, जणू कालच सही होऊन आलेलं. दप्तरी म्हणून सरकारी फायली शिवण्यात त्याची नोकरी सरली होती. अशी टाचणी कागद न फाटता काढणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण त्यानं ती काढली नाही.

"माझ्या दवाखान्याच्या बिलाचा निकाल लागला रे!" पोटकलम दारातूनच ओरडला. कचेरीतला जुना सोबती. उठता बसता कलमं फेकायचा म्हणून हे नाव. "हायकोर्टानं खात्याचे कान उपटले. जीव धोक्यात असेल तर जवळचा दवाखाना गाठा, परवानगी नसली तरी बिल द्यावंच लागेल. गंमत म्हणजे नियमात ही सोय पहिल्यापासून होती, कुणी वाचलीच नाही!"

"तुम्हीसुद्धा नाही, काका?" मुलगी आतून म्हणाली.

"छातीत कळ आली तेव्हा मी कलमांसकट आडवा झालो होतो, बाई! तुझा बाप शहाणा. परवानगी घेऊन गेला. बिल एका फटक्यात मंजूर."

मंजूर... दोन दिवस तो साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून होता, आणि घरी बायको भिंतीला टेकून — आडवं होताच येत नव्हतं तिला, धाप लागायची — मुलगी तासातासाला फोन करायची, बाबा, मी गाडी बोलावते, आणि तो म्हणायचा, सही होऊ दे, तो दवाखाना खात्याच्या यादीत नाही, नियम आहे... सही झाली. नेलं. डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवं होतं.

तेव्हापासून पाच वर्षं, रोज दाढी करताना, त्यानं कचेरीला शिव्या घातल्या होत्या. त्यावर दिवस निघायचा.

आणि ते नियमांचं पुस्तक... मीच शिवलं होतं. दोनदा. पानं सुटली म्हणून. एकेक पान हातानं सारखं करून.

पोटकलम निकालाचा कागद ठेवून गेला. मुलगी तो वाचत उभी राहिली, फार वेळ. मग घडी घालून म्हणाली, "चूक त्यांचीच होती ना, बाबा?"

त्यानं साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, नेहमीचा संताप यावा म्हणून थांबला. येईना. दाराआड नुसता एक थकलेला माणूस बसला होता, आणि दोन दिवसांत त्याला कुणी आत जाऊन काही विचारलं नव्हतं.